इंजिन कव्हरला तडा, ऑइलची गळती आणि घरच्या घरी दुरुस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटरसायकल पडते, आपण उचलतो, हँडल सरळ करतो, आरसा जागेवर आणतो, सगळं ठीक वाटतं आणि दुसऱ्या दिवशी गाडीखाली काळा डाग दिसतो. बघावं तर इंजिनच्या बाजूच्या झाकणाला, म्हणजे क्लच कव्हर नाहीतर मॅग्नेट (चार्जिंगचं चुंबकी चाक) कव्हरला, केसाएवढी चीर. नवीन कव्हर टाकणं हा सरळ उपाय आहेच, पण जुन्या गाडीचं कव्हर मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही, म्हणून मग घरीच काही जमतंय का ते शोधणं सुरू होतं. जमतं. पण सगळ्या तड्यांना नाही, आणि ज्यांना जमतं तिथेही पुटीपेक्षा (म्हणजे दोन भाग कालवून लावायची, सुकून कडक होणारी इपॉक्सी) सफाईवरच सगळं ठरतं.

तडा गेलाय की नुसतं पॅकिंग गेलंय, कसं ओळखायचं?

ऑइल जिथे दिसतंय तिथूनच गळतंय असं धरून चालू नका. चालत्या गाडीत वारा ऑइल मागे ढकलतो, उभ्या गाडीत ते ओघळून सगळ्यात खालच्या बोल्टला येऊन थेंब धरतं, आणि आपण त्या बोल्टलाच दोष देत बसतो. आधी सगळं इंजिन डिग्रीझरने किंवा रॉकेल आणि ब्रशने धुवा, पुसून पूर्ण कोरडं करा, मग संशय असलेल्या भागावर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि गाडी पाच-दहा मिनिटं जागेवर चालू ठेवा. पावडरवर ओला डाग सगळ्यात वर जिथे उमटला तिथून गळती सुरू होते, खालचे सगळे डाग विसरा.

कव्हर आणि इंजिनच्या जोडावरच ओल असेल तर पॅकिंग, म्हणजे त्या दोघांमध्ये दाबून बसणारा पातळ थर. किकच्या किंवा गिअरच्या शाफ्टभोवती असेल तर ऑइल सील, म्हणजे शाफ्टभोवतीची रबरी कडी. ऑइल भरायच्या झाकणाचा ओ-रिंग, ऑइल बघायची काच, ड्रेन नटचा वॉशर, हेही तपासा, यातली निम्मी कामं कव्हर न काढता होतात. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: काही गाड्यांचं मॅग्नेट कोरडं असतं, म्हणजे त्या कव्हरच्या आत ऑइल असायलाच नको. तिथून ऑइल येत असेल तर आतलं क्रँकचं ऑइल सील गेलंय, कव्हरवर कितीही पुटी थापा काही उपयोग नाही.

चीर इतकी बारीक आहे की कुठे संपते तेच कळत नाही. काय करू?

खडू आणि रॉकेल. कव्हर काढून स्वच्छ करा, बाहेरच्या बाजूने खडूची पूड पाण्यात कालवून पातळ थर द्या आणि वाळू द्या, मग आतल्या बाजूने चिरेवर रॉकेल लावून अर्धा तास ठेवा. रॉकेल पाण्यापेक्षा खूप सहज बारीक फटीत शिरतं, त्यामुळे पांढऱ्या खडूवर हळूहळू एक काळपट ओली रेघ उमटते. ती रेघ बऱ्याचदा आपल्याला नुसत्या डोळ्यांना दिसलेल्या चिरेपेक्षा बोटभर लांब निघते, आणि कधी कधी शेजारी दुसरी फांदी फुटलेली पण दिसते. दोन्ही टोकांना लगेच टोकदार खिळ्याने खूण करा, कारण रॉकेल पसरलं की रेघ फुगते आणि टोक हरवतं.

थोडंसंच गळतंय, तशीच चालवली तर चालेल का?

नाही. 100 ते 150 सीसीच्या बऱ्याच गाड्यांत एकूण ऑइलच साधारण एक लिटर असतं, त्यातलं पाव लिटर गेलं तरी इंजिनला जाणवतं, आणि लेव्हल खाली गेल्यावर हेड आणि पिस्टन कोरडे पडून जे होतं त्याचा खर्च कव्हरच्या कितीतरी पट. त्याहून वाईट म्हणजे वाऱ्याने ते ऑइल मागच्या टायरवर जातं. वळणावर टायर घसरला तर कव्हरचा विषयच राहत नाही. गरम सायलेन्सरच्या पाइपवर पडलं तर धूर येतो आणि पेट पण घेऊ शकतं.

कुठला तडा घरी दुरुस्त करायचा आणि कुठल्याला हात लावायचा नाही?

हा खरा प्रश्न आहे. बहुतेक कव्हरच्या आत ऑइल दाबाखाली नसतं, नुसतं उडत असतं, वर थोडासा क्रँककेसचा (इंजिनच्या मुख्य धडाच्या आतला) दाब असतो जो ब्रीदरच्या, म्हणजे हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपमधून निघून जातो. म्हणून सपाट भागात, मधोमध, बोल्टपासून लांब असलेली चीर इपॉक्सीने आरामात बंद होते आणि राहते. दगड लागून पडलेलं छोटं भोक, गाडी पडल्यावर फूटरेस्ट किंवा गिअर लिव्हर आत दबून बसलेला टवका, हे सगळं यात येतं.

आता जे नको ते. काही इंजिनांत क्लच कव्हरमधूनच ऑइलचा रस्ता जातो, ऑइल फिल्टर त्याच कव्हरमध्ये बसतो किंवा क्रँकच्या टोकाला कव्हरमधून ऑइल पुरवलं जातं. ओळखायचं कसं, तर कव्हर काढल्यावर त्याच्या पॅकिंगच्या पट्टीवर (पॅकिंग बसतं त्या सपाट कडेवर) बोल्टच्या भोकांशिवाय एखादं वेगळं भोक दिसतं, बऱ्याचदा ओ-रिंगसकट, आणि समोर इंजिनवर त्याच्यासमोर तसंच भोक असतं. त्या रस्त्यात ऑइल पंपाचा पूर्ण दाब असतो. तडा त्याला छेदत असेल तर इपॉक्सीचा विचार सोडा. बाहेर गळालं तर निदान दिसेल तरी, आतल्या आत फुटलं तर ऑइल जायचं तिकडे जाणार नाही आणि तुम्हाला कळणार पण नाही.

पॅकिंगची पट्टी आरपार चिरली असेल तर अवघड, कारण तिथे पुटीचा थर कागदाइतका पातळ करून परत सपाट करावा लागतो आणि बोल्टचा दाब सारखा त्याच चिरेला उघडायला बघतो. शाफ्टची बुश किंवा बेअरिंग बसते त्या उंचवट्याला तडा असेल तरी नाही. आणि तडा कव्हरला नसून मुख्य क्रँककेसला असेल, उदाहरणार्थ चेन तुटून पुढच्या स्प्रॉकेटपाशी गुंडाळली आणि तिने केस फोडली, तर तो वेगळाच आजार आहे, तिथे गिअरबॉक्सचा भार असतो.

कव्हर न काढता बाहेरूनच पुटी लावली तर?

घरी पोचायला ठीक. कायमचा उपाय म्हणून नाही, कारण तुम्ही बाहेर पुसताय तोवर आतून ऑइल झिरपत असतं आणि पुटी ऑइलच्या थरावर बसते, धातूवर नाही. तरी करायचंच असेल तर ऑइल काढून टाका, गाडी उलट्या बाजूला कलती ठेवा म्हणजे तडा वर येईल, आणि रात्रभर तशीच राहू द्या.

नेमकी कुठली पुटी वापरायची? नळाला लावतो ती चालेल का?

नळाची पुटी नको. थंड पाण्यासाठी ती उत्तम आहे, पण चालत्या इंजिनचं ऑइल 90 ते 120 अंश सेल्सिअसला असतं आणि त्या उष्णतेत ती मऊ पडते, कडा सुटतात. झटपट चिकटवणारा गोंद तर अजिबात नको, तो ठिसूळ असतो आणि उष्णता-कंपन दोन्ही सहन करत नाही.

हवी ती स्टीलची किंवा अॅल्युमिनियमची पूड असलेली दोन ट्यूबवाली इपॉक्सी, जिच्यावर तापमान आणि ऑइल-पेट्रोलला टिकते असं स्पष्ट लिहिलेलं असेल. जगभर लोक जेबी वेल्डचं साधं, हळू सुकणारं मिश्रण वापरतात, कंपनी त्याची मर्यादा 287 अंश सांगते आणि पूर्ण सुकायला 24 तास. त्याचाच झटपट सुकणारा भाऊ पण मिळतो, पण मी हळूवालाच घेईन, कारण तो पातळ राहतो आणि चिरेत आत उतरायला त्याला वेळ मिळतो. पिठासारखी मळायची कांडी भोक बुजवायला सोयीची, चिरेत मात्र ती शिरत नाही, वरच बसते.

आणि आरटीव्ही सिलिकॉन, म्हणजे ट्यूबमधून लावायचं, सुकून रबरासारखं होणारं सिलिकॉन, ही इपॉक्सी नव्हे. ते पॅकिंगच्या जोडाला आहे, तड्यावर लावलं की आठवड्याभरात सालपटासारखं निघून येतं.

इपॉक्सीशिवाय बाकी सामान काय लागेल?

पाने, अॅलन की, ऑइल धरायला पसरट भांडं, नवीन पॅकिंग, नवीन ऑइल, अॅसिटोन किंवा क्लोरीन नसलेला ब्रेक क्लीनर, जुना टूथब्रश, 80 नंबरचा पॉलिश पेपर, छोटी त्रिकोणी कानस, ड्रिल आणि 2 ते 3 मिलिमीटरचा बिट, हातमोजे, मास्क, चष्मा. हीट गन असेल तर उत्तम. पॅकिंग आधी आणून ठेवा हो, कव्हर उघडून झाल्यावर पॅकिंग मिळत नाही म्हणून गाडी आठवडाभर उघडी पडलेली बरीच बघितलीत.

कव्हर काढताना काय सांभाळायचं?

पहिली गोष्ट बोल्ट. ते सगळे एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा, जिथला बोल्ट तिथे भोक पाडून खोचा. लांब बोल्ट आखूड जागी गेला की तळाला टेकतो, आपल्याला वाटतं घट्ट झाला आणि पुढच्या पिळाला केसच फुटते. आखूड बोल्ट लांब जागी गेला तर दोन-तीन आट्यांवरच लटकतो आणि आटे घेऊन बाहेर येतो. जुन्या गाड्यांना प्लसचे स्क्रू असतात, ते साध्या स्क्रूड्रायव्हरने गोल होतात, इम्पॅक्ट ड्रायव्हरने हातोडीचा एक ठोका द्या, सुटतात.

कव्हर निघत नसेल तर जोडात स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, तिथे ओरखडा पडला की नवीन गळती स्वतःच्या हाताने बनवली. रबरी हातोडीने कडेकडेने ठोका. कव्हर नेमकं जागेवर बसवणाऱ्या दोन पोकळ डॉवेल पिन असतात, त्या कव्हरमध्ये राहिल्या की केसमध्ये ते बघा. किकच्या आणि गिअरच्या शाफ्टवर पातळ वॉशर असतात, ते कव्हरला आतून चिकटून बाहेर येतात आणि मग गुपचूप खाली पडतात, त्यामुळे कव्हर ओढताना खाली भांडं असू द्या. गिअर लिव्हर आणि किक काढण्याआधी शाफ्टवर मार्करने खूण करा.

मॅग्नेट कव्हर असेल तर चुंबक ते जोरात परत ओढतं, बोटं मध्ये सापडू देऊ नका. कॉइल बऱ्याचदा त्याच कव्हरवर असते, ती आणि तिच्या वायरी बाजूला काढल्याशिवाय घासणं-तापवणं काही करायचं नाही.

सफाई, सफाई म्हणता, नेमकी किती?

तुम्हाला वाटते त्याच्या तिप्पट. कव्हर ओतीव अॅल्युमिनियमचं असतं, त्यात बारीक बारीक छिद्रं असतात आणि वर्षानुवर्षं गरम ऑइल त्यात मुरलेलं असतं. वरून पुसलं की चकचकीत दिसतं पण चिरेत आणि छिद्रांत ऑइल तसंच बसलेलं असतं, पुटी त्यावर लागते, आणि गाडी तापली की ते ऑइल वर येऊन पुटीला मागून ढकलतं.

म्हणून असं करा. आधी गरम पाणी आणि भांड्याचा साबण, ब्रशने घासून. वाळवा. मग अॅसिटोन, ब्रशने चिरेत मारून, पांढऱ्या फडक्याने टिपून. अॅसिटोन पूर्ण उडून जाऊ द्या, अर्धा तास तरी, आणि बाटली लांब ठेवा, कारण तिची वाफ पटकन पेट घेते. आता हीट गनने कव्हर सावकाश तापवा, हात ठेवता येणार नाही इतकं पण त्याहून फार नाही. एक-दोन मिनिटांत चिरेच्या कडेने घाम फुटल्यासारखे तपकिरी थेंब वर येतात. हे तेच ऑइल जे मघाशी "स्वच्छ झालं" म्हणून तुम्ही सोडून देणार होतात. गरम असतानाच कोरड्या फडक्याने टिपा, गार होऊ द्या, परत अॅसिटोन, परत तापवा. थेंब यायचे थांबेपर्यंत हे चालू ठेवायचं. जुन्या कव्हरला बराच वेळ लागतो, कंटाळा येतो, तिथेच लोक सोडतात आणि नंतर पुटीला शिव्या देतात.

झालं की नाही हे बघायला साधी परीक्षा: थंड कव्हरवर थोडं स्वच्छ पाणी ओता. पाणी सलग पसरलं तर धातू स्वच्छ आहे, मण्यांसारखं गोळा झालं तर अजून तेलकट आहे. आणि क्रम पाळा, आधी तेल काढायचं मग घासायचं. उलटं केलं तर पॉलिश पेपर ते तेल प्रत्येक ओरखड्यात भरत जातो.

क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर लावून नंतर वेल्डिंग किंवा जोरात तापवणं कधीच करू नका, त्यातून फॉस्जिन नावाचा विषारी वायू तयार होतो. ही उगाच घाबरवायची गोष्ट नाही.

चिरेच्या टोकांना भोक का पाडायचं? आधीच चीर आहे त्यात अजून भोक?

चिरेचं टोक सुईसारखं अणकुचीदार असतं आणि सगळा ताण तिथे एकवटतो, त्यामुळे इंजिनच्या कंपनाने ती पुढे सरकत राहते. टोकावर 2 ते 3 मिलिमीटरचं गोल भोक पाडलं की ताण गोलाईवर पसरतो आणि चीर थांबते. विमानाच्या पत्र्यालाही हीच युक्ती वापरतात. फक्त भोक खऱ्या टोकावर हवं, म्हणून तर ती खडू-रॉकेलची भानगड. टोकाच्या अलीकडे पाडलं तर चीर तशीच पुढे चालू.

मग त्रिकोणी कानशीने चिरेवर इंग्रजी व्ही आकाराची खाच करा, जाडीच्या निम्म्यापर्यंत. दोन्ही बाजूंना दोन बोटं रुंद भाग 80 नंबरने आडवा-उभा घासून खरखरीत करा, रंग पूर्ण काढा, पुटी रंगाला नाही धातूला धरायला हवी. परत अॅसिटोन. अॅल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडचा थर चढायला लागतो, त्यामुळे घासून ठेवून जेवायला जाऊ नका, तासाभरात पुटी लागली पाहिजे.

पुटी लावायची पद्धत काय?

दोन्ही ट्यूब सारख्या प्रमाणात, पुठ्ठ्यावर, आणि एकच रंग होईपर्यंत कालवायचं, रेघा दिसल्या की तो भाग कधीच नीट कडक होणार नाही. कव्हर किंचित कोमट असेल तर पुटी पातळ होऊन चिरेत ओढली जाते. पहिला थर पातळ, बोटाने दाबून दाबून आत शिरवायचा, हातमोजा घालून अर्थात. त्यावर खाच भरून थोडा उंच थर. शक्य असेल तर आतूनही लावा, खरं तर आतलाच थर जास्त महत्त्वाचा, कारण आतला दाब त्याला धातूवर अजून दाबतो आणि बाहेरच्याला सोलायला बघतो.

पण आत जागा मोजा! क्लचची बास्केट (क्लचच्या प्लेट धरणारं फिरतं भांडं) आणि मॅग्नेट कव्हरच्या फार जवळून फिरतात. सुकल्यावर पुटीवर मुलांच्या खेळायच्या क्लेची गोळी चिकटवा, कव्हर दोन-तीन बोल्टवर बसवा, स्पार्क प्लग काढून गाडी न्यूट्रलमध्ये हाताने किक हळू फिरवा, कव्हर काढा आणि क्ले किती दबली बघा. दोन मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर पुटी कानशीने उतरवा. क्ले आठवणीने सगळी काढा.

मॅग्नेटच्या कव्हरला आतून जपून. स्टीलची पूड असलेल्या पुटीचा टवका पडला तर तो चुंबकाला जाऊन चिकटतो आणि कॉइलला घासतो.

चीर नाही, तुकडाच उडालाय. नाण्याएवढं भोक आहे.

तुकडा सापडला असेल तर तो साफ करून परत जागेवर बसवा, तोच सगळ्यात चांगला ठिगळ. नसेल तर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा भोकापेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठा कापा, कव्हरच्या वळणाला वाकवा, दोन्ही घासून आतून इपॉक्सीने चिकटवा, मग बाहेरून भोक भरा. पत्रा बसत नसेल तर फायबर ग्लासचं कापड किंवा अॅल्युमिनियमची जाळी इपॉक्सीत भिजवून. नुसती पुटी अधांतरी ठेवून मोठं भोक बुजवू नका. हाताच्या पंज्याएवढा भाग गेला असेल तर वेल्डिंग नाहीतर दुसरं कव्हर.

सुकायला किती वेळ? ओव्हनमध्ये ठेवू का?

पाकिटावर 24 तास असतील तर 24 तास. थंडीत जास्त लागतो, 10 अंशांच्या खाली तर फारच रेंगाळतं, तेव्हा बल्बखाली ठेवा. स्वयंपाकाचा ओव्हन नको, ऑइलचा वास आणि वाफ परत त्यातल्या अन्नाला लागते. नखाने दाबून "कडक झालं वाटतं" म्हणून बसवायची घाई हे दुसऱ्या नंबरचं कारण पुटी निघण्याचं.

परत बसवताना काय?

जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडा, ब्लेडने नको, ते तिरकं लागलं की पॅकिंगच्या पट्टीवर खड्डा. कव्हरची पट्टी सपाट आहे का ते काचेवर ठेवून बघा, डगमगली तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून कव्हर गोल गोल घासा. अॅल्युमिनियमची पूड कोपऱ्यात राहते, पूर्ण धुवून काढा, ती ऑइलबरोबर फिरली तर बेअरिंगला खाते.

कागदी पॅकिंग असेल तर बहुतेक वेळा सिलिकॉन लागतच नाही. लावायचंच तर पुसट थर. दाबल्यावर जे बाहेर दिसतं तेवढंच आतही गेलेलं असतं, आणि आतलं तुटून ऑइलच्या जाळीत अडकतं.

डॉवेल, वॉशर, सील जागेवर. बोल्ट आधी सगळे हाताने, मग समोरासमोर क्रमाने थोडे थोडे. कव्हरचे बोल्ट बहुतेक एम6 असतात, त्यांना साधारण 10 न्यूटन मीटर पुरतं, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. टॉर्कचा पाना नसेल तर छोट्या पान्याने, मनगटाच्या जोराने, खांद्याच्या नाही.

चालू करून लगेच लांब जाऊ का?

ऑइल लेव्हलपर्यंत भरा, जागेवर पाच मिनिटं चालू ठेवा, बंद करा, थंड झाल्यावर लेव्हल परत बघा. खाली पांढरा कागद ठेवून रात्रभर उभी करा. मग जवळपास फिरवा, गरम-थंड असे काही फेरे होऊ द्या, कारण धातू आणि पुटी तापल्यावर सारख्या प्रमाणात वाढत नाहीत आणि सुटायची असेल तर कड अशाच वेळी सुटते. पहिल्या 500 किलोमीटरपर्यंत दर वेळी निघण्याआधी एक नजर टाका. ऑइल भरताना वेट क्लचच्या (क्लच इंजिन ऑइलमध्येच भिजलेला असतो अशा) गाडीला डब्यावर जासो एमए किंवा एमए2 हे मोटरसायकल ऑइलचं मानक लिहिलेलंच घ्या, कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो आणि तुम्ही उगाच दुरुस्तीत चूक शोधत बसाल.

हे टिकतं किती?

सपाट जागेवर, नीट साफ करून, आत-बाहेर दोन्हीकडून लावलेलं वर्षानुवर्षं टिकतं, लोक नंतर विसरून जातात. बोल्टजवळचं, पट्टीजवळचं सांगता येत नाही. परत त्याच बाजूला गाडी पडली तर अर्थातच काही सांगू नका.

वेल्डिंगच का नाही करून टाकायचं?

चांगला टिग (आर्गॉन गॅसच्या आवरणात होणारं) वेल्डिंगवाला असेल तर तेच उत्तम, मोठ्या तड्याला तर तेच. पण घरच्या आर्क वेल्डिंगने हे काम होत नाही, अॅल्युमिनियमला एसी टिग आणि आर्गॉन लागतो. कव्हर पातळ असतं, तापलं की पिळवटतं, म्हणून जाड प्लेटला किंवा जुन्या केसला बोल्टने आवळून वेल्ड करायचं आणि नंतर पट्टी परत सपाट करायची. मुरलेलं ऑइल तिथेही नडतं, वेल्डमध्ये काळे बुडबुडे येतात. आधी तुम्ही इपॉक्सी लावलेली असेल तर ती पूर्ण काढल्याशिवाय कोणी वेल्ड करणार नाही, जळल्यावर घाण धूर होतो. म्हणून वेल्डिंगचा विचार असेल तर आधी पुटीचा प्रयोग नको.

गॅसच्या टॉर्चने वितळणाऱ्या कांड्या मिळतात, व्हिडिओत फार सोप्या दिसतात. त्या 400 अंशांच्या आसपास वितळतात, पण कव्हर पूर्ण तितकं तापवावं लागतं आणि अॅल्युमिनियम वितळायच्या आधी लोखंडासारखं लाल होत नाही, म्हणजे इशारा न देता कोपरा खाली गळतो. नवख्याने भंगार कव्हरवर हात बसवल्याशिवाय करू नये.

कव्हर मॅग्नेशियमचं असेल तर?

काही महागड्या आणि रेसिंगच्या गाड्यांना असतं, हातात घेतल्यावर विचित्र हलकं लागतं. आतल्या एखाद्या कोपऱ्यात रंग खरवडून व्हिनेगरचा थेंब टाका: मॅग्नेशियमवर लगेच फेस येतो, अॅल्युमिनियमवर नाही. मॅग्नेशियमची पूड पेटते आणि पाण्याने विझत नाही, उलट भडकते. त्यामुळे ग्राइंडर, टॉर्च काही नको, हाताने घासा आणि पूड साठू देऊ नका.

वॉटर पंपाच्या कव्हरला तडा आहे, तीच पद्धत का?

सफाई-घासणं तेच, पण तिथे कूलंट तापल्यावर खराखुरा दाब असतो, एक बारच्या आसपास. बारीक चिरेला इपॉक्सी धरते, तरी मी ते तात्पुरतंच समजेन. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आणि ऑइल चहासारखं दुधाळ दिसत असेल तर विषय तड्याचा नाही, पंपाचं सील गेलेलं असू शकतं.

बोल्टचा कान तुटलाय, किंवा आटे गेलेत.

एका बोल्टचा कान (बोल्ट ज्यातून जातो तो कव्हरचा बाहेर आलेला भाग) तुटला आणि बाकी शेजारचे शाबूत असतील तर कान इपॉक्सीने चिकटवून पॅकिंग दाबण्यापुरता आधार मिळतो, पण त्या बोल्टला अर्धाच जोर द्या. लागोपाठचे दोन गेले तर वेल्डिंग. इंजिनच्या भोकातले आटे गेले असतील तर पुटीत बोल्ट बसवण्याच्या फंदात न पडता हेलिकॉइल (स्प्रिंगसारख्या तारेचे नवे आटे) टाकून घ्या, मूळ आट्यांपेक्षा मजबूत होतात.

लावलेली पुटी सुटली. वरून अजून एक थर देऊ?

नको. हीट गनने जोरात तापवली की इपॉक्सी मऊ पडते, पूर्ण खरवडून काढा आणि सुटलेला तुकडा उलटा करून बघा. त्याची धातूकडची बाजू गुळगुळीत, चकचकीत असेल तर तेल राहिलं होतं किंवा घासणं कमी पडलं. तुकड्यावर धातूचे ओरखडे नीट छापलेले असतील आणि तरी तो मधोमध फाटला असेल तर चीर पुढे वाढतेय, टोकाचं भोक चुकलं. तुकडा चिकट, रबरासारखा असेल तर कालवताना प्रमाण चुकलं. मग पहिल्यापासून.

काढलेल्या जुन्या ऑइलचं काय करायचं?

गटारात किंवा मातीत ओतू नका. रिकाम्या डब्यात भरा आणि जिथे जुनं ऑइल गोळा करतात अशा गॅरेजला द्या. तेलकट फडकी बंद डब्यात.

वरून रंग दिला तर दुरुस्ती दिसणार नाही ना?

सुकलेली पुटी कानशीने सपाट करून आधी 180 आणि मग 400 नंबरने घासली, वर इंजिनसाठीचा हाय टेम्परेचर स्प्रे मारला तर लांबून कळत नाही. पण रंग लगेच मारू नका, पहिले 500 किलोमीटर पुटी उघडीच ठेवा, म्हणजे कड सुटली किंवा ओल आली तर लगेच दिसेल. आणि गाडी विकायची असेल तर घेणाऱ्याला सांगा.